ओढण्याचा आकडा विसरा, दाराचं स्टिकर वाचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल: पिकअप ट्रक कुठला घ्यायचा? डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत घर. आठवड्यातून दोन दिवस बावीस मैलांवर ऑफिस, बाकी दिवस घरून काम. दोन मुलं, एक नऊ वर्षांचं, एक सहा. उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून येतात. 30 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, बघून ठेवलाय. रिकामा 7,300 पौंड, भरून जास्तीत जास्त 9,500. दरवर्षी तो कोलोरॅडोला न्यायचा आणि त्याच ट्रकने एरवी दूध-भाजीही आणायची. सेल्समन म्हणतो, 1500 (हलक्या गटातला पिकअप) घ्या, 11,000 पौंड ओढतो. शेजारी म्हणतो, डिझेल ड्युअलीच (सगळ्यांत जड गटातला) घे, एकदाच काय ते होऊन जाईल. आणि वहिनी म्हणतात, गराजमध्ये मावेल तोच घ्या.

मी एकवीस वर्षं डेन्व्हरजवळ डिझेल वर्कशॉपमध्ये काम करतोय आणि स्वतःचा तिसरा ट्रेलर ओढतोय. या तिघांत सर्वांत मुद्द्याचं बोलल्यात त्या वहिनी. पण त्यांच्याकडे मागाहून येतो, आधी सेल्समनचा समाचार घेऊ.

तो खोटं बोलत नाहीये. 11,000 हा आकडा खरा आहे. हे आकडे आता एसएई जे2807 नावाच्या एकाच पद्धतीने काढतात. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ स्टेट रूट 68 चा 11.4 मैलांचा चढ आहे. शंभर फॅरनहाइटच्या वर ऊन, एसी पूर्ण चालू, मागे ट्रेलर, आणि तरी वेग ताशी 40 मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ट्रक तिथं तापला नाही तर आकडा पक्का. पण या हिशोबात ट्रकमध्ये दोनच माणसं धरलेली असतात, दीडशे-दीडशे पौंडांची. तुमच्या घरात माणसं सहा.

ट्रकचं इंजिन किती ओढेल हा प्रश्न जवळजवळ कधीच अडत नाही. अडतं ते पाठीवर किती बसेल, इथं. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळं-पांढरं स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड. माहितीपत्रकातला नव्हे, जाहिरातीतला नव्हे, त्या समोर उभ्या असलेल्या गाडीचा. शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलला सनरूफ आणि मोठी चाकं असली, तर त्याचा आकडा दोनशे पौंडांनी कमी निघतो. (ज्या ट्रकचं भरून कमाल वजन 10,000 पौंडांच्या वर ठरवलेलं असतं, त्यावर हे स्टिकर नसेलही. तिथं कमाल वजनातून ट्रकचं स्वतःचं वजन वजा करायचं.)

आता तुमचाच हिशोब मांडतो. तुम्ही 185, वहिनी 140, मुलं 85 आणि 60, बाबा 155, आई 135. झाले 760 पौंड. हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीचा, सांगाडा 90. मागे बेडमध्ये, म्हणजे उघड्या हौद्यात, कूलर, खुर्च्या, जनरेटर, सायकली, हत्यारांची पेटी, असं अडीचशे धरा. 1,100. ट्रेलर प्रवासाला निघताना रिकामा नसतोच. गोड्या पाण्याची 45 गॅलनची टाकी भरली की एकट्या पाण्याचं पावणेचारशे पौंड होतं. वर गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, भांडीकुंडी, गाद्या-पांघरुणं आणि आपल्या लोकांचा पंधरा दिवसांचा शिधा. त्यामुळे 7,300 विसरा आणि 9,000 धरा, म्हणजे साधारण 4,080 किलो. अशा ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भाग ट्रकच्या हिचवर बसावा लागतो. 13 टक्के धरले तर 1,170. एकूण 2,270 पौंड.

चांगल्या सजवलेल्या 1500 च्या दारावर मला बहुतेक वेळा 1,400 ते 1,700 दिसतात. 1,540 चा ट्रक मिळाला असं समजू. मग तुम्ही 730 पौंडांनी वर आहात, आणि ट्रेलर मात्र 11,000 च्या कितीतरी खाली! वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (स्प्रिंग बारांनी वजन वाटून देणारं) लावलं तर त्यातले दीडशे-दोनशे पौंड परत ट्रेलरच्या चाकांवर ढकलले जातात. तरी पाचशे उरतातच. जास्त पेलोडचं पॅकेज असलेले 1500 निघतात, पण डीलरच्या आवारात ते क्वचित उभे असतात. तुम्हाला दाखवताहेत तो त्यातला नाही हे मी न बघता सांगतो, कारण त्याला कातडी सीट आणि सनरूफ आहे असं तुम्हीच लिहिलंय.

हे हिचवरचं वजन इतकं महत्त्वाचं का, हे मला अमेरिकेत कुणी शिकवलं नाही. मी सांगली जिल्ह्यातला. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. आजोबा म्हणून पोती आसाच्या जरा पुढे लावायचे, बैलांच्या मानेवर थोडा भार राहील अशी. पुढे फार जड झालं तर बैल वाकतात, मागे जड झालं तर गाडी हातात राहत नाही. ट्रॅव्हल ट्रेलरचं गणित तंतोतंत हेच आहे, फक्त वेग ताशी 65 मैल. उलाळ ट्रेलर वर उचलला जात नाही, कारण तो हिचच्या बॉलला अडकलेला असतो. तो शेपूट हलवायला लागतो.

ही शेपूट मी एकदा बघितली आहे. जून 2010, आय-70 वर लायमनच्या पूर्वेला. माझा पहिला ट्रेलर, पुढे 1500 च्याच गटातला अर्धा टनी ट्रक. पाण्याची टाकी ट्रेलरच्या पार मागच्या टोकाला, ती भरलेली, आणि मागच्या बंपरवर हौसेनं चार सायकली टांगलेल्या. दक्षिणेकडून आडवा वारा. एक सेमी ट्रक (लांब पल्ल्याचा मोठा मालट्रक) बाजूने पुढे गेला. आधी त्याच्या हवेनं आम्हाला बाहेर ढकललं, मग तो पुढे सरकल्यावर आत ओढलं. आरशात ट्रेलरचा डावा कोपरा दिसला, मग उजवा, मग पुन्हा डावा, आणि प्रत्येक वेळी जास्त. पाय ब्रेककडे गेला होता. तो दाबला असता तर ट्रक हळू झाला असता आणि मागून ट्रेलरनं आम्हाला घडी घातल्यासारखं दुमडलं असतं. माझ्या शेजारी बसलेला मित्र जुना ट्रेलरवाला होता. त्यानं डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची पट्टी हातानं सरकवली. त्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर मागे ताणला गेला आणि सरळ झाला. हे सगळं सात-आठ सेकंदांत. दुसऱ्या दिवशी काट्यावर नेलं तर 8,100 पौंडांच्या ट्रेलरचं हिचवर फक्त 560 पौंड. सात टक्केही नाहीत. सायकली काढल्या, टाकी निम्मी केली, सामान पुढे सरकवलं. तोच ट्रक तोच ट्रेलर घेऊन गुमान चालायला लागला.

म्हणून, 1500 बाद. आता 2500 आणि 3500.

नावांचा घोळ आधी सोडवतो. 1500 किंवा एफ-150 हा अर्धा टनी, 2500 किंवा एफ-250 पाऊण टनी, 3500 किंवा एफ-350 एक टनी. ही नावं जुन्या काळी पेलोडवरून पडली; आजचा पाऊण टनी प्रत्यक्षात दीड टन वाहतो. (गावी फोनवर "ट्रक घेतला" म्हणून सांगू नका. मी सांगितलं तेव्हा चुलत्यांनी विचारलं होतं, वाळूचा धंदा काढलास काय?) शेजारी म्हणतो तो ड्युअली म्हणजे मागच्या आसाला चार चाकं असलेला एक टनी. मागून जवळजवळ आठ फूट रुंद. ड्राइव्ह-थ्रूमध्ये, बँकेत, गाड्या धुण्याच्या जागी सगळीकडे मागच्या फेंडरची काळजी, आणि टायर सहा. पंधरा-सोळा हजार पौंडांचा फिफ्थ व्हील ट्रेलर (बंपरमागे नव्हे, बेडमधल्या हिचला जोडायचा) ओढणाऱ्याला तो हवाच. तुम्हाला तो घेणं म्हणजे लग्नाच्या पंक्तीचं पातेलं रोजच्या भाताला काढणं.

खरा प्रश्न डिझेल की पेट्रोल, हा आहे. (इथं पेट्रोलला गॅस म्हणतात, मी पेट्रोलच लिहितो, नाहीतर सिलिंडरशी घोटाळा व्हायचा.)

मी डिझेलवर पोट भरतो, तरी सांगतो: तुम्ही पेट्रोल घ्या.

डिझेलचं कौतुक आधी. फोर्डचं 6.7 लिटर पॉवर स्ट्रोक, जीएमचं 6.6 लिटर ड्युरामॅक्स, रॅमचं 6.7 लिटर कमिन्स, तिन्ही जबरदस्त. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, आता हजार पौंड-फुटांच्या आसपास. कमिन्स सरळ सहा सिलिंडरचं, बाकी दोन व्ही-8. टर्बोमुळे (तो इंजिनात हवा दाबून भरतो) उंचीवर त्यांचा दम फारसा जात नाही. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण 3 टक्क्यांनी घटते. आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे. तिथं पोचेपर्यंत चारशे हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पावणेतीनशेच्या आत-बाहेर उरतं. डिझेलवाला त्या चढावर गप्पा मारत जातो. आणि उतरताना त्याच्याकडे एक्झॉस्ट ब्रेक असतो. बटण दाबलं की इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं, पायाला काम नाही. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ते बटण म्हणजे चैन आहे.

पण वर्षाच्या 365 दिवसांपैकी त्या चढावर तुम्ही किती असणार? एक दिवस चढताना, एक दिवस उतरताना.

उरलेल्या दिवसांत डिझेलचं काय होतं ते मी रोज बघतो. नव्या डिझेलच्या धुराच्या नळकांड्यात काजळी अडवणारी एक जाळी असते, डीपीएफ. काजळी साचली की इंजिन जास्तीचं इंधन वापरून ती जाळी तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्याला रीजनरेशन म्हणतात. हे नीट व्हायला इंजिन पुरतं तापलेलं हवं आणि गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग हायवेवर धावायला हवी. दोन मैलांवर शाळा, तीन मैलांवर किराणा, घरी परत, इंजिन बंद. असं चाललं की जळणं अर्धवट राहतं. पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट. मग एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा, मग ताकद कमी, मग ट्रक आमच्याकडे. असले ट्रक बघितले की ओळखू येतात. चकचकीत, बेडवर ओरखडा नाही, हिचच्या बॉलवर रंग तसाच, आणि डीपीएफ ठासून भरलेलं. तुमचे दोन दिवस ऑफिसचे बावीस मैल ठीक आहेत, पण उरलेले पाच दिवस हे असेच जाणार.

त्यात डीईएफ. धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी, 32.5 टक्क्यांचं, वेगळ्या टाकीत. झाकण निळं. शेजारीच डिझेलचं झाकण. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक ट्रक आला. पाहुण्यांनी मदत म्हणून डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतलं होतं आणि वर इंजिनही चालू केलं. टाकी उतरवली तर आतल्या जोडांवर पांढरे खडे, मिठागरात दिसतात तसे. पंप, आठही इंजेक्टर, सगळ्या नळ्या बदलल्या. बिल पाच आकडी, आणि वॉरंटी अशा वेळी हात वर करते. तुमच्या घरात आणखी कुणी ट्रक भरणार असेल तर एवढं एकच लक्षात ठेवा.

पैशाचं सांगतो. डिझेल इंजिनाचे दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त पडतात. समजा वर्षाला 9,000 मैल रिकामं चालवलं. माझ्या अनुभवात पेट्रोल पाऊण टनी रिकामा गॅलनला 13 मैल देतो, डिझेल 17. (हे ट्रक इतके जड असतात की नव्या गाडीच्या काचेवर मायलेजचा सरकारी कागदच लावत नाहीत, त्यामुळे चालवणाऱ्यांनाच विचारावं लागतं.) पेट्रोल 2.80 आणि डिझेल 3.40 धरलं तर पेट्रोलचा खर्च 1,940, डिझेलचा 1,800. वर्षाला एकशे चाळीस डॉलर वाचले. डीईएफ आलं, तेल बदलायला बारा-तेरा क्वार्ट लागतं, डिझेलचे फिल्टर महाग, म्हणजे ते एकशे चाळीसही गेले. विकताना डिझेलला भाव चांगला येतो हे खरं, त्यामुळे दहा हजार सगळे बुडत नाहीत. पण मायलेजसाठी डिझेल घेतोय असं कुणी म्हणालं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

आता तो मुद्दा, जो सेल्समन कधीच सांगत नाही. डिझेल इंजिन, त्याचा गिअरबॉक्स, रेडिएटर हे सगळं पेट्रोलपेक्षा सहाशे-आठशे पौंडांनी जड. पाऊण टनीचं कमाल वजन बरेचदा 10,000 पौंडांवर बांधलेलं असतं. म्हणजे इंजिनानं जे वजन खाल्लं ते तुमच्या पेलोडमधून गेलं. पेट्रोल 2500, चार दारांची कॅब, फोर बाय फोर, मधली ट्रिम (सजावटीची पातळी), असा घेतला तर दारावर 3,000 ते 3,500 दिसतात. तोच डिझेल, वरच्या ट्रिमचा, तर 2,100-2,300. तुमचा आकडा होता 2,270! म्हणजे ऐंशी हजारांचा डिझेल ट्रक घेऊन तुम्ही स्टिकरच्या काठावर, आणि साध्या पेट्रोलमध्ये हजार पौंड हातात. लोकांना हे पटत नाही. मी त्यांना डीलरकडे घेऊन जातो आणि दोन दारं उघडून दाखवतो.

डिझेलच हवं असेल तर मग 2500 नको, 3500 घ्या, मागे दोनच चाकं असलेला. किंमत थोडीच जास्त, लांबी-रुंदी तीच, पेलोड 4,000 च्या आसपास. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत फिफ्थ व्हील घ्यायचा विचार मनात असेल तर आजच तो घ्या. फिफ्थ व्हीलचं 15 ते 25 टक्के वजन ट्रकच्या बेडमध्ये बसतं. आधी 2500 आणि मग 3500, असे दोनदा पैसे घालणारे मी खूप बघितले. त्यातला एक मीच.

पेट्रोलमध्ये काय? फोर्डचं 7.3, जीएमचं 6.6, रॅमचं 6.4. तिन्ही जुन्या घडणीची, टर्बो नाही, दुरुस्तीला सोपी. फोर्डमध्ये 6.8 पण मिळतं, पण ट्रेलरसाठी 7.3 घ्या, फरकाचे पैसे वसूल होतात. मागच्या आसाचं गुणोत्तर विचारा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा दांडा किती फेरे घेतो ते. 3.73 चालेल, 4.10 किंवा 4.30 मिळालं तर ट्रेलर लावल्यावर इंजिनाला श्वास घेता येतो. पेट्रोल ट्रकनं डोंगर चढताना इंजिन चार-साडेचार हजार आरपीएमवर ओरडतं. घाबरू नका, ते त्यासाठीच बनलंय. पहिल्यांदा बायको म्हणतेच, "काहीतरी मोडलं वाटतं." टो-हॉल मोड (ओढताना वापरायची गिअरबॉक्सची सेटिंग) लावा, उजवी लेन धरा, सेमींच्या मागे चाळीसनं चढा. उतरताना डोंगराच्या माथ्यावरच वेग कमी करा आणि खालचा गिअर आधीच घ्या. ब्रेक दाबून धरायचा नाही. वेग वाढला की एकदा ठाम दाबायचा, वेग पाच-सात मैलांनी उतरवायचा आणि सोडायचा, म्हणजे ब्रेकला गार व्हायला वेळ मिळतो.

खरं तर तुमच्या वाटेवर डोंगरापेक्षा वाऱ्याची धास्ती जास्त आहे. फ्रिस्कोहून यूएस-287 नं विचिटा फॉल्स, अमरिलो, डुमास, तिथून यूएस-87 नं डलहार्ट, टेक्सलाइन, क्लेटन, रॅटन, मग आय-25. रॅटन पास 7,834 फूट, चढ पंधरा-वीस मिनिटांचा. पण अमरिलोच्या आधीपासून क्लेटनच्या पुढेपर्यंत सपाट माळ आणि आडवा वारा, दिवसभर. 30 फुटी ट्रेलर म्हणजे रस्त्यावर उभी धरलेली भिंत. तिथं हॉर्सपॉवर कामाला येत नाही. जड ट्रक, कडक टायर, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर) आणि हिचवर नीट बसलेला भार, एवढंच कामाला येतं. पाऊण टनी घ्या म्हणतोय ते मुख्यतः या पट्ट्यासाठी. वाऱ्यात पेट्रोल ट्रक गॅलनला आठ देईल. त्या पट्ट्यात दोन पंपांमधलं अंतर मोठं आहे, निम्मी टाकी झाली की भरा.

आता वहिनी.

टेप घ्या आणि गराज मोजा, मागच्या भिंतीपासून बंद दारापर्यंत. टेक्सासच्या नव्या घरांत ते बरेचदा वीस फूट भरतं. एफ-250 चार दारांची कॅब आणि पावणेसात फुटी बेड, लांबी 250 इंच, म्हणजे 20 फूट 10 इंच. जीएमचा साधारण तेवढाच. रॅम 2500, सहा फूट चार इंची बेड, 239 इंच, म्हणजे वीस फुटाला एक इंच कमी. मागे वॉटर हीटर किंवा तांदळाच्या पिशव्यांचं कपाट असेल तर तोही गेला. थोडक्यात, ट्रक बाहेरच राहणार. वहिनींना हे घेण्याआधी सांगा, नंतर नको. ऑफिसच्या पार्किंग गराजवरची उंचीची पाटीही बघून ठेवा. 6 फूट 8 इंच लिहिलेलं असेल तर फोर बाय फोर पाऊण टनी तिथं टेकेल. आणि हाउसिंग असोसिएशनचे नियम वाचा. ट्रेलर ड्राइव्ह-वेवर दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू न देणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत. मग महिन्याच्या भाड्यानं जागा घ्यावी लागते.

रिकामा पाऊण टनी रोज चालवायला कसा असतो? हायवेच्या सिमेंटच्या सांध्यांवर मागची बाजू टणटण उडते. मागच्या स्प्रिंगा तीन हजार पौंडांसाठी बसवलेल्या असतात, त्यांना तुमच्या भाजीच्या पिशव्या कळत नाहीत. रॅम 2500 ला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, तो जरा मऊ चालतो. बदल्यात पेलोड थोडा कमी. बाकी दोघांना पाटेच. चाचणीला न्याल तेव्हा डीलरच्या गुळगुळीत रस्त्यावरून एक चक्कर मारून परत येऊ नका. तुमच्या रोजच्या रस्त्यावर न्या, सगळ्यांना घेऊन.

सगळ्यांना, म्हणजे आईंनाही. कॅबची फरशी जमिनीपासून दोन फुटांच्या वर असते. माझी आई पहिल्यांदा चढली तेव्हा एका हातात नऊवारीचा काठ, दुसऱ्या हातात माझा खांदा, आणि मुखी पांडुरंग. उतरताना तर तिनं नातवाला प्लास्टिकचं स्टूल आणायला लावलं. ते स्टूल अजून ट्रकमध्ये असतं. रुंद फूटबोर्ड आणि खांबावर धरायला कडी, ही दोन वरच्या ट्रिमच्या मोठ्या स्क्रीनपेक्षा जास्त महत्त्वाची.

अजून एक. माणसं सहा, म्हणजे पुढे बाकासारखी तीन जणांची सीट हवी. वरच्या ट्रिममध्ये मध्ये कन्सोल येतो आणि सीटा पाचच राहतात. बाकाची सीट मधल्या ट्रिमपर्यंत मिळते. मुलं मागे, धाकट्याला बूस्टर, त्यांच्यामध्ये आई. पुढे तुम्ही, वहिनी आणि बाबा. लांबच्या प्रवासाला हे अवघडच आहे, त्यामुळे आई-बाबा असतील त्या वर्षी वहिनींनी दुसरी गाडी घेऊन मागून येणं मला जास्त बरं वाटतं. ट्रेलरमध्ये माणसं बसवून नेणं टेक्सासमध्ये बेकायदा आहे. "बाबा मागे झोपून येतील" हा बेत मी एकदा ऐकलाय, म्हणून लिहिलं.

तर माझं मत असं: पेट्रोल 2500, चार दारं, साडेसहा फुटांच्या आसपासचा बेड, मधली ट्रिम, कारखान्यातूनच बसवलेला ब्रेक कंट्रोलर, बाहेर सरकणारे टो आरसे. फोर बाय फोर घ्या. बर्फासाठी नव्हे, पाऊस पडलेल्या कॅम्पसाइटच्या गवतातून ट्रेलर बाहेर काढायला. तीन कंपन्यांपैकी कुठली, यावर मी भांडत नाही. ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ आणि ज्यात वहिनींना समोरचं नीट दिसतं, तो.

वापरलेला बघणार असाल तर बेडमध्ये गूसनेकचं (जड ट्रेलरच्या जोडणीचं) भोक आहे का बघा. असेल तर त्यानं आयुष्य जड ओढण्यात काढलेलं असू शकतं. आणि डिझेल बघितलात आणि मालक म्हणाला "डिलीट केलाय", तर तिथून निघा. प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकणं केंद्राच्या कायद्यानं बेकायदा आहे आणि अशा ट्रकला बरीच वर्कशॉप हात लावत नाहीत, आम्हीही नाही.

ट्रक आणि ट्रेलर दोन्ही घरी आले की लगेच कोलोरॅडो नको. आधी एखाद्या रविवारी सकाळी रिकामं पार्किंग गाठा. ताशी पंचवीसनं जात पट्टी दाबून ब्रेक कंट्रोलर लावून घ्या, ट्रेलरची चाकं जाम होऊन घासतील त्याच्या जरा खाली. मग मागे घेण्याचा सराव. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरचं ढुंगण जातं. दुसऱ्या आठवड्यात तासा-दीड तासावर टेक्सोमा तळ्यावर, दोन रात्री. जाताना सगळं सामान, सगळी माणसं आणि भरलेल्या टाक्यांसह ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर चढवा. पंधरा-एक डॉलर लागतात. पुढचा आस, मागचा आस, ट्रेलरचे आस, अशी तीन वजनं वेगळी छापून मिळतात. एकदा हिचचे स्प्रिंग बार लावून, एकदा सोडून, आणि मग ट्रेलर बाजूला लावून नुसता ट्रक. बार सोडलेल्या वजनात ट्रकच्या दोन्ही आसांची बेरीज करा, त्यातून नुसत्या ट्रकचं वजन वजा करा. उरलं ते हिचवरचं. ते ट्रेलरच्या पूर्ण वजनाच्या 12-13 टक्के नसेल तर तिथंच पार्किंगमध्ये सामान पुढे-मागे सरकवा. तांदळाचं पोतं त्याला बरं पडतं, कुठंही ठेवता येतं.